गाण्याला पहिल्यांदा जाताना : समेपर्यंत पोचायचं कसं

शास्त्रीय गाण्याला पहिल्यांदा जाणाऱ्याच्या पोटात बहुतेक वेळा एकच भीती असते, ‘मला राग ओळखता येत नाही.’ शेजारच्या खुर्चीतले काका पहिल्या चार स्वरांत ‘पूरिया धनाश्री’ असं पुटपुटतात आणि आपण आपल्या खुर्चीत आणखी खाली सरकतो. ही भीती दाराबाहेर चपलांजवळ सोडून या. राग ओळखणं बऱ्याच वर्षांच्या ऐकण्याने आपोआप येतं, आणि नाही आलं तरी गाण्याचा आनंद अडून राहत नाही. पहिल्या संध्याकाळी एकच गोष्ट साधायची: सम, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेऱ्याची पहिली मात्रा, कधी येणार याचा अंदाज. तो आला की तास-दीड तास एकाच जागी बसून काय ऐकायचं, हा प्रश्न सुटतो.

महाराष्ट्रात आणि गोव्यात ‘आज गाणं आहे’ म्हटलं की बहुधा ख्यालगायन असतं, म्हणजे दोन-चार ओळींची बंदिश धरून केलेला रागाचा विस्तार; म्हणून इथे ख्यालाचीच संध्याकाळ धरली आहे. वाद्यवादनाबद्दल पुढे थोडं येईल.

कुठली मैफल निवडावी

पुण्यात राहत असाल तर पहिलं नाव डोक्यात येईल सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचं. माझं मत विचाराल तर सुरुवात तिथे करू नका. पाच दिवस, रोज चार-पाच कलाकार, हजारोंची गर्दी, आणि प्रत्येकाला मिळणारा वेळ साधारण तासाभराचा. जुन्या ऐकणाऱ्याला ते पर्व असतं. नवख्याला तिसऱ्या कलाकारापर्यंत पहिला कोण होता तेही आठवत नाही.

त्यापेक्षा लहान सभागृहात एकाच कलाकाराची दोन-अडीच तासांची मैफल शोधा. शे-दोनशे माणसं आणि व्यासपीठावरच्या माणसांचे चेहरे दिसतील इतकं अंतर, एवढं पुरे. मुंबईत दादर-माटुंगा कल्चरल सेंटर, माटुंग्याचा कर्नाटक संघ, पार्ल्याचं दीनानाथ नाट्यगृह, एनसीपीएची छोटी सभागृहं इथे वर्षभर काही ना काही चालू असतं. पुण्यात वर्तमानपत्रातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे सदर अजूनही सगळ्यात भरवशाचं. गोव्यात पणजीची कला अकादमी, मडगावचं रवींद्र भवन आणि फोंड्याचं राजीव कला मंदिर यांच्यावर लक्ष ठेवा; केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह कला अकादमीचाच. कोल्हापुरात देवल क्लब आहे. मिरजेला नवरात्रात अंबाबाईच्या देवळात गाणं असतं, आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातही. तंबोरे घडवणाऱ्यांच्या या गावात तंबोरा ऐकायला जाणं मला तरी फार योग्य वाटतं.

जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. ‘सर्वांना मुक्त प्रवेश, काही रांगा निमंत्रितांसाठी राखीव’ असं असेल तर अर्धा तास आधी पोचा. संगीत मंडळांच्या बऱ्याच बैठका सभासदांसाठी असतात, पण दारात विचारलं तर नव्या माणसाला सहसा परत पाठवत नाहीत. ‘रागदारी ते नाट्यसंगीत’ किंवा ‘स्वरांचा प्रवास’ अशा नावाचा, निवेदकासकट असलेला कार्यक्रम पहिल्यांदा सोपा वाटेल, पण त्यात निवेदन फार आणि ख्याल दहा मिनिटं, असं होण्याची शक्यता मोठी. दिवाळी पहाटेचंही तेच. तिथे जरूर जा, सुगंधी उटण्याच्या वासात सकाळचे राग ऐकायला मिळतात, पण बहुतेक ठिकाणी ख्याल थोडा आणि अभंग-भावगीतं जास्त, हे माहीत असू द्या.

आदल्या आठवड्यात

पुस्तक वाचू नका. थाट, वादी-संवादी, प्रहर यांचे तक्ते पाठ करून मैफलीला गेलात तर कान परीक्षेला बसतात. त्याऐवजी एक राग घ्या आणि आठवडाभर तोच ऐका. मी यमन सांगेन. तो संध्याकाळचा आहे, म्हणजे तुमच्या मैफलीत तोच गायला जाण्याची शक्यता बरी आहे. आणि मराठी घरात वाढला असाल तर भावगीतांतून, नाट्यपदांतून तो तुमच्या कानात आधीच मुरलेला आहे, फक्त नाव माहीत नाही. यमन नको असेल तर भूप घ्या: सा रे ग प ध, पाचच स्वर. किशोरी आमोणकरांचा भूप सहज मिळतो.

आधी जुनी ध्वनिमुद्रणं ऐका. ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचंच गाणं मावायचं, त्यामुळे अब्दुल करीम खाँ, केसरबाई, हिराबाई बडोदेकर, सवाई गंधर्व यांना अख्खा राग तेवढ्यात मांडावा लागला. बसस्टॉपवर उभ्या उभ्या एक तबकडी ऐकून होते. केसरबाईंची अशीच छोटी भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अवकाशात गेली. मग एकदा, एकदाच, अर्ध्या तासाचा बडा, म्हणजे संथ लयीतला, ख्याल पूर्ण ऐका. मध्ये फोन बघितलात तरी हरकत नाही, पण बंद करू नका. मैफलीत अर्धा तास किती लांब असतो याची कानाला कल्पना आलेली बरी.

आणि घरी एक सराव. त्रितालाच्या सोळा मात्रा, म्हणजे ठोके, बोटांवर मोजायच्या. अंगठा करंगळीच्या तळाच्या पेरावर ठेवा. तीन पेरं आणि वरचं टोक मिळून चार मात्रा, चार बोटांच्या सोळा. तोंडाने म्हणा:

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

आणि पुन्हा पहिल्या ‘धा’वर या. ती सम. आता फक्त डग्ग्याकडे, म्हणजे डाव्या हाताच्या घुमणाऱ्या आवाजाकडे लक्ष द्या. ‘तिं तिं ता ता’ला तो गप्प होतो. परत घुमला की ‘धिं धिं धा’ आणि लगेच सम. म्हणजे सोळापर्यंत मोजायची गरजच नाही. डग्गा थांबला आणि परत आला एवढं कळलं की सम तीन मात्रांवर आहे. मोबाइलवर तबल्याचं ॲप लावून मध्य लयीत हे पाच मिनिटं केलंत तरी पुरेल.

निघताना आणि पोचल्यावर

पोटभर जेवून जाऊ नका, उपाशीही नको. विलंबित (संथ) ख्याल आणि भरलेलं पोट एकत्र आले की पेंग ठरलेली. मध्यांतरात नाट्यगृहाचा बटाटावडा असतोच. कपड्यांचा काही नियम नाही. सुती, सैल, कुरकुर न करणारं काहीही चालेल. वातानुकूलित सभागृहात मात्र शाल किंवा स्वेटर जवळ ठेवा. तिथल्या गारव्यापायी शेवटच्या भैरवीपूर्वी उठून गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

जागा निवडताना पहिल्या रांगेचा मोह टाळा, तिथे तुम्हाला मान डोलवावीच लागेल अशी भावना होते. पाचवी-सहावी रांग, आणि तबलजीचे हात दिसतील अशी बाजू. मोठ्या स्पीकरच्या तोंडासमोर मात्र बसू नका. भारतीय बैठक असेल तर कडेची, भिंतीजवळची जागा धरा: पाठ टेकता येते आणि पाय लांब करायचे झाले तर व्यासपीठाकडे न करता बाजूला करता येतात. कलाकाराकडे पाय करून बसणं अजूनही वाईट दिसतं, आणि दिसावं.

फोन नुसता सायलेंट करून भागत नाही. अंधारात पेटलेला पडदा मागच्या तीन रांगांना दिसतो. रेकॉर्डिंगला बहुतेक ठिकाणी मनाई असते. नसली तरी पहिल्या मैफलीत हात फोनमध्ये अडकवू नका. औषधाची वेष्टनं, चिवड्याची पिशवी, चेनची पर्स, जे काही वाजणारं आहे ते आधीच उघडून ठेवा.

गाणं सुरू होण्याआधी

सहाचं गाणं सहाला सुरू होत नाही. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, प्रायोजकांचे आभार, शाल-श्रीफळ, आणि ‘मी आपला जास्त वेळ घेणार नाही’ असं म्हणून पंधरा मिनिटं घेणारे पाहुणे. हे सगळं सोसायचं. त्या वेळात व्यासपीठावर कोण कोण आहे ते पाहून घ्या. मध्ये मुख्य कलाकार. मागे दोन तंबोरे, बहुधा शिष्यांच्या हातात. तेच शिष्य पुढे गुरूच्या खुणेवर मधूनमधून गातातही. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. काही गायकांच्या मांडीवर स्वरमंडळ, म्हणजे बोटांनी छेडायचं तारांचं छोटं वाद्य, असतं.

मग वाद्यं लागतात, आणि इथे नवखी माणसं कंटाळून आपसांत बोलायला लागतात. बोलू नका, ऐका. तंबोऱ्याच्या चार तारांपैकी मधल्या दोन, म्हणजे जोड, षड्जाला (सा), शेवटची खर्जाला (खालचा सा), आणि पहिली बहुधा पंचमाला (प). पहिली तार मध्यमाला (म) लावली जातेय असं कळलं तर समजा की आज पंचम नसलेला राग येणार, मालकंस म्हणा. तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा बारीक दोरा सरकवून वाजवणारा काहीतरी शोधताना दिसेल. तो जवारी लावतोय. दोरा नेमक्या जागी बसला की तार नुसती वाजत नाही, गुंजायला लागते. तबलजी हातोडीने गजऱ्यावर (कडेच्या चामड्याच्या वेणीवर), गठ्ठ्यांवर (बाजूच्या लाकडी ठोकळ्यांवर) ठोकत तबला गायकाच्या षड्जाला मिळवतो. पेटीच्या पट्ट्यांत सांगायचं तर बायकांचा षड्ज बहुधा काळी चार-पाचच्या आसपास, पुरुषांचा काळी एकच्या आसपास. त्यामुळे गायिकेनंतर गायक आला की तबलाही बदलतो.

तंबोरा लागला की डोळे मिटून मिनिटभर फक्त तोच ऐका. पुढे गाण्यात वाट चुकलात तर परत यायची जागा हीच.

बडा ख्याल

आता मुख्य काम.

गायक सुरुवातीला थोडे आलाप घेतो, तबल्याशिवाय. मग बंदिशीची पहिली ओळ येते, आणि त्या ओळीतल्या एका अक्षरावर तबला येऊन मिळतो. ती सम. ओळीचा जो तुकडा समेपर्यंत आणून सोडतो तो मुखडा. पुढचा अर्धा तास हा मुखडा पुन्हापुन्हा येणार आहे, म्हणून पहिल्या दोन-तीन वेळा तो कानात नीट साठवून घ्या. शब्द कळले नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. ब्रजभाषेतले शब्द सुरांत इतके ताणले गेल्यावर जुन्याजाणत्यांनाही धड कळत नाहीत. चाल लक्षात ठेवा.

विलंबित ख्याल हल्ली बहुधा एकतालात असतो. बारा मात्रा:

धिं धिं । धागे तिरकिट । तू ना । क त्ता । धागे तिरकिट । धी ना

ऐकायला सोपं, पण अतिविलंबितात एकेक मात्रा चार-चार सेकंदांची होते आणि एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, पाऊण मिनिटाचं, मिनिटाचं, कधी त्याहून मोठं. मोजत बसलात तर हरवाल. त्यापेक्षा ‘तिरकिट’ पकडा. ती चार अक्षरं तबल्यावर सुटी, खडखडीत वाजतात आणि नवख्या कानालाही ओळखू येतात. आवर्तनात ती दोनदा येतात, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटनंतर डग्गा गप्प असतो, ‘तू ना क त्ता’. मग ‘धागे’ला तो परत घुमतो, दुसरं तिरकिट येतं, ‘धी’, ‘ना’, आणि सम. दुसरं तिरकिट ऐकू आलं की कान टवकारायचे. गायक कुठेही गेलेला असो, त्याला आता मुखडा धरून परत यायचंय.

आणि हीच ख्यालातली गंमत. प्रत्येक आवर्तनात गायक मोकळा सुटतो आणि प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी त्याला वेळेवर परतायचं असतं. कुणी निवांतपणे, जागा ठेवून येतो. कुणी इतका उशीर करतो की ‘आता चुकली’ असं वाटतं, आणि शेवटच्या अर्ध्या मात्रेत मुखडा कोंबून समेवर पाय ठेवतो. तेव्हा सभागृहातून एकदम ‘वाः’ निघतं. ते कशाला निघालं हे तुम्हाला कळलं की तुम्ही श्रोते झालात. रागाचं नाव कळलेलं असो वा नसो.

तिरकिट सापडत नसेल तर माणसांकडे पाहा. समेवर तबलजी मान हलवतो, पेटीवाला वर बघतो, तंबोऱ्यावरची शिष्या हलकेच गुडघ्यावर बोट टेकते, पहिल्या रांगेतल्या आजोबांचा हात उचलून खाली येतो. सगळं सभागृह तुम्हाला सम दाखवत असतं. कॉपी करायला इथे पूर्ण मुभा आहे.

दुसरा धागा चढणीचा. ख्याल खालून वर जातो. गायक आधी षड्जाच्या आसपास, मंद्रात (खालच्या सप्तकात) रेंगाळतो. मग एकेक स्वर मुक्काम करत वर येतो. यमनात तो गांधारावर (ग) बराच वेळ काढेल, मग पंचमाकडे, मग निषादावर (नी) थांबून वरच्या षड्जाला नुसती हूल देईल. दोनदा, तीनदा. तुम्हाला वाटेल, आता लागेल; तो पुन्हा खाली उतरेल. शेवटी तार षड्ज लागतो आणि तिथे तो ठेवला जातो, तंबोऱ्यात विरघळेपर्यंत. या जागेला दाद मिळाली नाही असं सहसा होत नाही. यानंतर अंतरा (बंदिशीचा दुसरा भाग), मग लय थोडी वाढते, सरगम (स्वरांची नावं घेत गाणं), बोलआलाप (बंदिशीच्या शब्दांवरचे आलाप), ताना (जलद स्वरांच्या लडी).

दहाव्या मिनिटाच्या आसपास कंटाळा येईल. येतोच, न आल्याचं सांगणारे खोटं बोलतात. मनात उद्याच्या कामाची यादी सुरू होईल. तेव्हा स्वतःवर चिडू नका. दोन मिनिटं फक्त पेटीकडे लक्ष द्या: गायकाने आत्ता जे गायलं ते, पुढे काय येणार हे माहीत नसताना, पेटीवाला क्षणभर मागे राहून कसा उचलतो ते बघा. किंवा तंबोऱ्याकडे परत जा. तेवढ्यात कुठेतरी तिरकिट ऐकू येईल आणि तुम्ही पुन्हा आत याल.

घराण्यांचं, म्हणजे गाण्याच्या परंपरांचं, म्हणाल तर पहिल्या दिवशी एवढंच पुरे: किराणा घराण्याचा कलाकार एकेका स्वरात मुरत जाईल, ग्वाल्हेरचा बंदिश आखून-रेखून मांडेल, आग्र्याचा लयीशी आणि बोलांशी खेळेल, आणि जयपूर-अत्रौलीचा असा एखादा राग काढेल की शेजारचे काकाही गप्प बसतील.

छोटा ख्याल आणि पुढचं

बडा ख्याल संपला की बहुतेकदा न थांबता त्याच रागात द्रुत (जलद) बंदिश, म्हणजे छोटा ख्याल, सुरू होते, बहुधा त्रितालात किंवा द्रुत एकतालात. इथे तुमचा घरचा सराव कामाला येतो. पुष्कळ चिजा, म्हणजे बंदिशी, नवव्या मात्रेपासून उठतात, डग्गा गप्प होतो त्याच सुमाराला, आणि आठ मात्रांत समेवर येतात. अंगठा पेरांवर फिरवत राहा, मांडीखाली लपवून फिरवलात तरी चालेल. ताना सुरू झाल्या की बोटं सोडून द्या आणि फक्त शेवट पाहा: एकच तुकडा तीनदा आला आणि तिसऱ्याचा शेवट नेमका समेवर पडला, तर ती तिहाई. कधीकधी इथेच तराणा येतो; ‘दिर दिर तोम तनन’चा अर्थ शोधू नका.

मध्यांतरात चहा घ्या आणि कुणी ‘काय गायले?’ असं विचारलं तर सरळ ‘तुम्हीच सांगा’ म्हणा. गाण्यातल्या माणसांना सांगायला फार आवडतं, आणि पाच मिनिटांत त्या रागाच्या जुन्या चार मैफलींच्या गोष्टी फुकट मिळतील. त्यातली निम्मी अतिशयोक्ती वजा करा.

मध्यांतरानंतर बहुधा दुसरा राग, थोडा आटोपशीर, आणि मग ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग. इथे मराठी श्रोता एकदम सैल होतो. नाट्यपदाला ‘वन्समोअर’ची आपली परंपरा जुनी असली तरी हल्लीच्या मैफलीत ती जपून वापरा. फर्माइशीची चिठ्ठी पहिल्या दिवशी तरी पाठवू नका. शेवट भैरवीने. भैरवी मुळात सकाळची, पण मैफल संपवायला ती कुठल्याही वेळी चालते. ती सुरू होताच पार्किंगच्या काळजीने दहा-वीस माणसं वाकून वाकून बाहेर पडायला लागतात. त्यांच्यात तुम्ही नसावं. खरोखर लवकर जायचंच असेल तर दोन रचनांच्या मधे, टाळ्या चालू असताना उठा. उशिरा आलात तरी तोच नियम: एक चीज संपेपर्यंत दाराशी थांबायचं.

दाद

सगळ्यात जास्त घाबरवणारा हा भाग, आणि सगळ्यात सोपा. आवडलं तर मान हलते, तोंडून ‘वा’ जातं, हात उचलला जातो. नाही गेलं तर गप्प बसणं ही काही बेअदबी नाही. टाळ्या रचना संपल्यावर. मध्येच एखाद्या तानेवर किंवा तबल्याच्या तुकड्यावर टाळ्या पडतात, तेव्हा इतरांबरोबर वाजवा, आपण सुरू करू नका. ठेक्यावर टाळ्या धरणं मात्र नाहीच. ते अभंगाच्या शेवटी गायकाने स्वतः सांगितलं तर. आणि आलाप चालू असताना ‘क्या बात है’ असं मोठ्याने ओरडणारे लोक प्रत्येक मैफलीत असतात. त्यांचं अनुकरण करू नये असं माझं स्पष्ट मत आहे: आलापातला स्वर अजून हवेत असतो आणि हे त्याच्यावर बसतात.

वाद्यवादन असेल तर

सतार, सरोद, बासरी ऐकायला गेलात तर एक गोष्ट आधी माहीत हवी. पहिला बराच वेळ, कधी अर्धा तास, तबला वाजतच नाही. तबलजी हात मांडीवर ठेवून बसलेला असतो. काही बिघडलेलं नाही. आलाप चालू आहे. त्यानंतर ‘जोड’ या टप्प्यात लय जाणवायला लागते, ‘झाला’ या टप्प्यात ती वाढते, मग गत, म्हणजे तालात बांधलेली रचना, सुरू होते आणि तबला येतो. सम शोधायचं काम तिथून. तबल्याचं एकल वादन असेल तर उलट: पेटी किंवा सारंगी एकच लेहरा, म्हणजे तालाच्या एका फेऱ्याची धून, तासभर फिरवत राहते, आणि त्या लेहऱ्याचा उंचावणारा स्वर तुम्हाला दर आवर्तनात सम दाखवून देतो. सम शिकायला याहून सोपी जागा नाही, तरी लोक उगाच तबला सोलोला घाबरतात.

सवाईला जायचं तर

तीन-चार लहान मैफली झाल्या की डिसेंबरात सवाईला जा. सवाई गंधर्व, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, १९५२ साली गेले. त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी १९५३ पासून गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने. भीमसेनजी २०११ च्या जानेवारीत गेल्यावर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. बरीच वर्षं तो रमणबागेत व्हायचा. अलीकडे मुकुंदनगरमधल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो.

एकेकाळी हा महोत्सव रात्रभर चालायचा. मध्यरात्री मालकंस, पहाटे ललत, मग सकाळी तोडी, जो तो राग ज्याच्या त्याच्या वेळेला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद होऊ लागले. वर्षातल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत मिळते, ती महोत्सव एका रात्रीपुरती वापरतो. म्हणून आता तो दुपारीच सुरू होतो आणि मुलतानी-भीमपलाससारख्या दुपारच्या रागांना चांगले दिवस आलेत. उत्तररात्रीचे राग मात्र सगळ्यांचेच ऐकायचे राहून गेले.

पाचही दिवसांचं तिकीट पहिल्या वर्षी घेऊ नका. कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की एक दिवस निवडा आणि त्यातही दोन कलाकार. बाकीच्या वेळी मैदानात फिरा, खा, पुस्तकांच्या आणि वाद्यांच्या स्टॉलवर रेंगाळा. सवाईत असं करण्याची चाल आहे. बैठकीचं तिकीट स्वस्त, पण खाली अंथरायला जाड सतरंजी, पाठीला उशी, आणि सूर्य मावळल्यावर कानटोपी लागेल. पुण्याच्या डिसेंबरात मैदानावरची थंडी दहा वाजेपर्यंत गुडघ्यात उतरते. थर्मास नेणारे खरे अनुभवी. गाडी नेऊ नका. स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, पुढे रिक्षा. परतीची रिक्षा मात्र दारात मिळत नाही, थोडं चालून मोठ्या रस्त्यावर या.

शेवटच्या दिवशी गेलात तर सगळ्यात शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी तबकडी लावतात. तोवर थांबा.

दुसऱ्या मैफलीआधी

घरी आल्यावर त्या संध्याकाळी गायलेल्या रागांची नावं कुठेतरी टिपून ठेवा. कलाकाराने सांगितली नसतील तर आयोजकांना विचारा. मग त्यातला एकच राग दुसऱ्या कुणाकडून ऐका. तुम्ही मैफलीत जयपूरचा यमन ऐकला असेल तर घरी किराण्याचा लावा. तोच राग, पण समेवर येण्याची तऱ्हा वेगळी. दुसरी मैफल महिन्याभरात गाठा, त्याहून जास्त अंतर पडलं की तिरकिट पुन्हा हरवतं. आणि या वेळी सोबत जाणकार मित्र नेऊ नका. तो कानात राग सांगत बसतो.